खेळातली गाडी आणि आमचं वजन

आम्ही भिवंडी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. गटात आम्ही चौदा जणी. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढं एका पिकअपची गोष्ट येणार आहे. तिचा चालक आमच्याच गावचा आहे आणि माणूस वाईट नाही.

भिवंडी म्हटलं की लोकांना माग आठवतात. आमच्या सासवांच्या वेळी घराघरातला माणूस मागावर होता. आता आमच्या बाजूला मानकोली, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर असं कुठंही बघा, भाताची खाचरं होती तिथं गोदामं उभी आहेत. आम्ही त्याच गोदामांत पॅकिंगला जातो. सकाळी सातला निघायचं, संध्याकाळी दिवेलागणीला परत. जायचं कशातून? पिकअपच्या हौद्यात उभं राहून. चौदा जणी, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने वरचा पाइप धरलेला.

आज मात्र आम्ही बोलणार आहोत ते कॉम्प्युटरवर गाडी बनवायच्या खेळाबद्दल. हसा खुशाल. आम्हीपण हसलो होतो.

झालं असं. आमच्या गटाच्या सचिवताईंची लेक दहावीला होती. तिच्या मोठ्या भावाने एका ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर आणला होता. पोरगी अभ्यास आटोपला की त्याच्यासमोर. पडद्यावर गाडी, ती धावते, आपटते, मोडते, हिचं पुन्हा सुरू. वडील वैतागले. ताई बैठकीत रडकुंडीला आल्या, "पोरीचं डोकं फिरलंय, रात्री झोपेत पण गिअर गिअर करते." आम्ही म्हटलं, चला, एकदा बघून तरी येऊ. रविवारी पाच जणी गेलो. चटई टाकून बसलो. बसलो ते दोन तास उठलो नाही.

आम्हाला वाटलं होतं, तयार गाडी घ्यायची आणि पळवायची. तसं नव्हतं. त्या खेळाचं नाव रिग्ज ऑफ रॉड्स. २००५ साली पिएर-मिशेल रिकोर्देल नावाच्या माणसाने तो सुरू केला. फुकट मिळतो, आणि त्याच्या आतलं सगळं लिखाण उघडं आहे, कुणीही वाचावं, बदलावं. त्यावर काम केलेल्यांतल्या काही जणांनी पुढे बीमएनजी नावाचा असाच खेळ काढला. तो जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात बनतो, २०१३ पासून लोक खेळतात. दिसायला तो फार झकपक, पण विकत घ्यावा लागतो आणि त्याला कॉम्प्युटरही दमदार लागतो. आमच्या पोरीच्या भंगारातल्या डब्याला फुकटचाच झेपतो.

या खेळात गाडी म्हणजे चित्र नाही. गाडी म्हणजे बिंदू आणि दांड्या. पोरीने वहीत काढून दाखवलं. प्रत्येक बिंदूला तीन आकडे: पुढे-मागे किती, उंच किती, डावी-उजवीकडे किती. मग कुठला बिंदू कुठल्या बिंदूला दांडीने जोडायचा याची यादी. दांडी किती ताठ, किती जोर आला की वाकणार, किती आला की तुटणार, हेही आकड्यांतच. चाकं, पाटे, शॉकअप, इंजिन, गिअर, सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलीत ओळीने लिहिलेलं. कॉम्प्युटर एका सेकंदात दोन हजार वेळा हिशेब करतो, कुठल्या दांडीवर किती ताण आला, कुठला बिंदू किती सरकला. म्हणून गाडी खड्ड्यात आदळली की खरी वाटावी तशी चेपते.

तिची पहिली गाडी चालू करताच पापडासारखी पसरली. तिने चौकट केली होती, चार बिंदू, चार दांड्या, दिसायला भक्कम. आमच्यातल्या एका काकूंनी ते बघितलं आणि लगेच म्हणाल्या, "अगं, तिरका बांबू कुठाय?" लग्नाचा मांडव घालताना चार खांब आणि आडवे बांबू बांधले तरी तो डुलतो. कोपऱ्यातून तिरका बांबू बांधला की थांबतो. चौकोन सरकतो, त्रिकोण सरकत नाही. पोरीला हे आठ दिवस डोकं खपवून कळलं होतं, काकूंनी चटईवरून सांगितलं. त्या दिवसापासून ती आम्हाला पडदा बघायला बोलवायला लागली. नाहीतर आधी दार लावून बसायची.

गिअरचं आम्हाला शिवणयंत्रामुळे समजलं. पायाच्या मशीनला खाली मोठं चाक आणि वर लहान. मोठं एकदा फिरलं की लहान कितीतरी वेळा फिरतं, सुई झरझर चालते, पण जाड जीन्स आली की अडते. गाडीच्या पहिल्या गिअरात उलटं असतं. लहान चाक मोठ्याला फिरवतं, वेग कमी आणि जोर जास्त. मागावरसुद्धा कापड दाट की विरळ ठेवायचं ते दातांचं चाक बदलून ठरवतात, हे भिवंडीच्या बाईला वेगळं सांगायला नको. पोरीने आमच्यासमोर एक आकडा वाढवला, भरलेली गाडी चढावर आरामात चढली. पण सपाटीवर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, वेग घेईना. आकडा कमी केला तर सपाटीला पळाली आणि चढावर बंद पडून मागे घरंगळली. कुठला आकडा बरोबर? तिने आम्हालाच विचारलं, "काकू, गाडी कुठं चालवायचीय, आणि काय भरून?"

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट त्यामुळे निघाली. गोदामातून येताना एका वळणावर आमची पिकअप एका अंगाला इतकी कलली की आतली चाकं उचलल्यासारखी वाटली. आम्ही सगळ्या एका बाजूला ढकललो गेलो. आमच्यातली एक जण फळीवरून बाहेर पडली. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर, दीड महिन्याचा रोज बुडाला. चालकदादा शपथेवर सांगत होता, गाडी जोरात नव्हती. आम्हालाही तसंच वाटत होतं. याच वळणावरून तो माल भरून याच वेगाने रोज जातो, कधी काही झालं नाही. मग आम्हीच घाबरट, आम्हीच नीट उभ्या राहिलो नाही, असं ठरलं आणि विषय संपला.

पोरगी म्हणाली, "आपण करून बघू या का?"

तिने एक पिकअप बनवली. कुठल्या कंपनीची नाही, आपल्याकडे धावतात तशी. रिकामी ९०० किलो. डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १३० सेंटिमीटर. हौद्याची जमीन रस्त्यापासून ७० सेंटिमीटर उंच. मग म्हणाली, आता तुमचं वजन सांगा. यावर जो गोंधळ झाला तो रेडिओवर सांगण्यासारखा नाही. शेवटी गोदामात पार्सल मोजायच्या काट्यावर जेवणाच्या सुट्टीत एकेक जण उभी राहिली. चौदा जणींचे मिळून ७०० किलो धरले. डबे, पिशव्या सोडून दिल्या.

या खेळात बिंदूच्या ओळीत एक अक्षर घातलं की तो बिंदू भार धरतो, आणि मालाचं सगळं वजन अशा बिंदूंत वाटलं जातं. तिने दोन गाड्या केल्या. चाकं, पाटे, इंजिन सगळं सारखं. पहिलीत ७०० किलोच्या गोण्या हौद्यावर पसरलेल्या, म्हणून भाराचे बिंदू खाली. दुसरीत आम्ही उभ्या, म्हणून भाराचे बिंदू वर, आमच्या पोटाच्या उंचीला. उभ्या माणसाचं वजन साधारण बेंबीपाशी एकवटलंय असं धरतात. म्हणजे हौद्याच्या जमिनीपासून ९० सेंटिमीटर, रस्त्यापासून १६०. एक मोकळं मैदान घेतलं आणि २० मीटर त्रिज्येचं वळण आखलं. आपल्याकडच्या नाक्यावर वळते तेवढं.

गोण्यांची गाडी ४० ला वळली, ४२ ला वळली. ४५ ला टायर किंचाळले आणि गाडी घसरत बाहेर गेली. पण चार चाकांवर राहिली.

आमची गाडी ३६ ला आतली दोन चाकं उचलून वळली. ३८ ला आडवी झाली.

खोलीत कुणी बोललं नाही. जिचं मनगट मोडलं होतं ती म्हणाली, "परत दाखव." तिने चार वेळा दाखवलं.

त्यामागचा हिशेब पोरीने वहीत मांडला. तो आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण तो कागदावरही होतो, कॉम्प्युटर लागत नाही. रिकाम्या गाडीचं वजन ९०० किलो, ते साधारण ५५ सेंटिमीटर उंचीवर एकवटलेलं धरलं. गोण्यांचे ७०० किलो ९५ सेंटिमीटरवर. दोन्ही मिळून सरासरी उंची येते ७३. आम्ही उभ्या असलो की आमचे ७०० किलो १६० सेंटिमीटरवर, आणि सरासरी येते १०१. आता चाकांतल्या अंतराचं अर्धं घ्या, ६५. त्याला या उंचीने भागा. गोण्यांची गाडी ०.८९. आमची ०.६४. आणि कोरड्या डांबरावर टायरची पकड धरतात ०.७ ते ०.८.

इथंच सगळी गंमत आहे, म्हणजे गंमत नव्हे. गोण्यांच्या गाडीचा आकडा पकडीपेक्षा मोठा. म्हणून वेग फार झाला तर आधी टायर घसरतात, चालकाला आवाज येतो, तो पाय काढतो. आमचा आकडा पकडीपेक्षा लहान. टायर घसरायच्या आतच गाडी उलटते. आवाज नाही, सूचना नाही. चालकदादाला रोज माल नेताना जी सवय लागली, तीच सवय आम्हाला नेताना खोटी ठरते. वर गोणी आपली जागा सोडत नाही, बाई सोडते. वळणावर आम्ही सगळ्या बाहेरच्या अंगाला झुकतो, म्हणजे आमचं वजनही तिकडं जातं. हे तर तिने धरलंसुद्धा नव्हतं. पावसात ओल्या रस्त्यावर पकड कमी म्हणून गाडी आधी घसरेल खरी, पण घसरत जाऊन चाक खड्ड्याच्या कडेला किंवा दुभाजकाला अडलं की तिथंच उलटेल.

आता एक गोष्ट साफ सांगतो. खेळातले ३६ आणि ३८ हे आकडे कुणी खरे धरू नका. "आपण ३० ने जाऊ, मग काही होत नाही" असं तर मुळीच म्हणू नका. खरी गाडी जुनी असते, एका बाजूचा पाटा बसलेला असतो, टायरात हवा कमी असते, रस्त्याला उतार असतो. पोरीने एका टायरची पकड कमी केली तरी निकाल बदलला. त्या खोलीत आम्हाला पटलं ते दोन गाड्यांतलं अंतर, तेवढंच धरा.

मग तिचा खरा उद्योग सुरू झाला, गाडी सुधारायचा. त्यात आम्हीही पडलो. पाटे ताठ कर, म्हणजे कलणार नाही, असं एकीने सुचवलं. केले. वळणावर गाडी जरा सावरली. पण खेळातल्या खडबडीत रस्त्यावर, ज्याला पोरीने 'वाडा रोड' नाव दिलं होतं, गाडी बेडकासारखी उड्या मारायला लागली. चाक हवेत असलं की पकड शून्य. तिसऱ्या फेरीत मागची दांडी तुटली. मग शॉकअप घट्ट केले, उड्या कमी झाल्या, पण हौद्यातल्या माणसाची कंबर राहिली नसती. चाकांतलं अंतर दोन्ही बाजूंनी १० सेंटिमीटर वाढवलं, त्याने सगळ्यात जास्त फरक पडला, गाडी ४० च्या पुढे टिकली. पण अशी गाडी आमच्या गावच्या गल्लीत शिरणार नाही, आणि आमच्यासाठी कोण अॅक्सल बदलणार? हौदा १५ सेंटिमीटर खाली घेतला, तर गतिरोधकावर तळ घासला. एक दुरुस्त करावं तर दुसरीकडून फाटतं. जुन्या लुगड्याला ठिगळ लावताना होतं तसं. पोरगी मात्र वैतागत नव्हती. प्रत्येक वेळी वहीत लिहायची, काय बदललं, किती, काय मिळालं, काय गेलं. एका वेळी एकच आकडा बदलायचा हा तिचा नेम. दोन बदलले तर कुणामुळे फरक पडला ते कळत नाही.

मोठ्या कंपन्याही गाडी बनवायच्या आधी ती अशीच कॉम्प्युटरवर मोडून बघतात. त्यांचं गणित अर्थात कितीतरी खोल. पुण्याला एआरएआय नावाची संस्था आहे, १९६६ पासून, तिथं गाड्यांची तपासणी होते. तपासलेल्या मालगाडीचा आकडा असतो तो माल धरून. हौद्यात चौदा बाया उभ्या राहतील असं कुणी धरलेलं नसतं.

शेवटी गाडीला हात न लावता तिने भाराचे बिंदू खाली आणले. म्हणजे आम्हाला खाली बसवलं. सरासरी उंची १०१ वरून ७५ झाली, जवळजवळ गोण्यांइतकी. एवढा मोठा फरक फुकटात. पण हौद्यात मांडी घालून मावतात आठ-नऊ जणी, चौदा नाही. आणि बसलं म्हणून ती प्रवासी गाडी होत नाही, हेही आम्ही मग विचारून घेतलं. मालवाहू गाडीतून माणसं न्यायला कायद्याने परवानगी नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आहे, मालगाडीत फुकट बसवलेल्या माणसाला काही झालं तर विमा कंपनीवर भरपाईची जबाबदारी नाही. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही ना माल, ना मालाच्या मालक. मनगटाचा खर्च का मिळाला नाही, ते तेव्हा कळलं.

आम्ही चालकदादाला बोलावलं. भांडायला नाही, खेळ दाखवायला. आधी त्याला राग आला, पोरीने त्याला गाडी शिकवावी? मग त्याने स्वतः खुर्चीवर बसून चालवली. गोण्या भरून तीन फेऱ्या, आमच्या वजनाच्या तीन फेऱ्या. तिसऱ्यांदा आडवी झाल्यावर म्हणाला, "मला वाटायचं तुम्ही ओरडता म्हणून गाडी हलते." त्यानंतर तो वळणं जपून घेतो. पण जपून घेणं म्हणजे उपाय नव्हे, हे तोही जाणतो. त्यालाही घर चालवायचंय, आमच्या फेरीचे पैसे गेले तर त्याचा हप्ता अडतो.

ज्या ठेकेदारामार्फत आम्ही कामाला जातो, त्याच्याकडे सीटवाल्या गाडीची मागणी केली. त्याने ऐकून घेतलं, केलं काही नाही. मग आम्ही गटाच्या बैठकीत हिशेब केला. दोन प्रवासी गाड्या ठरवल्या तर माणशी रोजचे १५ रुपये जास्त पडतात. महिन्याला जवळपास ४०० रुपये. रोजावर जगणाऱ्या बाईला हा आकडा लहान नाही. दहा जणी तयार झाल्या. चौघी अजून पिकअपनेच जातात. त्यांच्यावर आम्ही रागावलो नाही, त्यांच्या घरची परिस्थिती आम्हाला ठाऊक आहे. चौघीच असल्यामुळे आता त्या खाली बसून जातात. गटाच्या व्याजातून त्यांचा फरक भरता येईल का, यावर पुढच्या बैठकीत बोलायचंय. दोघींचा त्याला विरोध आहे, आणि त्यांचंही म्हणणं अगदीच चूक नाही. एकदा पायंडा पडला की सगळ्याच मागतील.

आता राहिली पोरगी. दहावी पास झाली. तिला आयटीआयला जायचंय, मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड घ्यायचाय. वडील म्हणतात, गॅरेजात पोरीचं काय काम, शिवणकाम घे. ताई मधल्यामध्ये सापडल्यात. आमच्यातली एक म्हणते, ड्राफ्ट्समन मेकॅनिकल घेऊ दे, तेही दोन वर्षांचं, त्यात यंत्रांचे नकाशे काढायचे असतात, वडिलांना पटायला सोपं. पोरगी म्हणते, आधी हाताने पाना फिरवीन, मग नकाशा. वर ती एवढंच म्हणाली की खेळातल्या गाडीचं ग्रीस हाताला लागत नाही आणि तिला ते लागायला हवंय.

अर्ज भरायची मुदत जवळ आलीय. शनिवारी आम्ही दहा जणी तिच्या वडिलांना भेटायला जाणार आहोत. वही सोबत नेणार आहोत, सगळे आकडे लिहिलेली. जिचं मनगट मोडलं होतं ती पहिली बोलणार आहे. दहा कप चहा ठेवा, असा निरोप ताईंना आजच दिलाय.